हात लावण्याआधी बघा : प्राण्यांचा ताण ओळखण्याच्या कामात येणाऱ्यांसाठी

"प्राण्यांची आवड आहे, त्यांच्या वागणुकीवर काम करायचंय, कुठला कोर्स करू?" असं विचारणारे बरेच जण भेटतात. कोर्सचं पुढे सांगते. आधी एक करा. जवळच्या एखाद्या शेल्टरमध्ये परवानगी काढा, पिंजऱ्यापासून थोडं लांब, प्राण्याकडे तोंड न करता जरा तिरके बसा आणि अर्धा तास नुसतं बघा. चुचकारायचं नाही, बिस्किट द्यायचं नाही, हात तर मुळीच लावायचा नाही. दिसेल ते वहीत लिहा. "घाबरलाय", "रागीट आहे" असं लिहू नका, तो आपला निष्कर्ष झाला. "पुढचा डावा पाय उचललेला, कान मागे, तोंड घट्ट बंद, बादली आपटली तशी ओठांवरून जीभ फिरवली" असं लिहा. या कामातलं निम्मं शिक्षण या वहीतच होतं, असं माझं ठाम मत आहे.

कुत्र्याचं शेपूट पायांत घालणं आणि थरथरणं सगळ्यांनाच कळतं. पण ताण त्याच्या बराच आधी दिसायला लागतो. झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, अंग ओलं नसताना झटकणं, मान एकीकडे वळवून डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं बघणं. उकाडा नसताना धाप लागणं. तपासणीच्या टेबलावर उमटलेले पंजांचे ओले ठसे, कारण कुत्र्याला घाम पंजांना येतो. यातल्या एकट्या खुणेला अर्थ नाही. दुपारची झोप काढून उठलेलं कुत्रंही जांभई देतंच. चार खुणा एकत्र आल्या आणि त्याच्या आधी काय घडलं ते तुम्ही टिपलेलं असलं, की अर्थ लागायला लागतो. आणि "शेपूट हलवतोय म्हणजे खूश आहे" हे डोक्यातून काढून टाका. अंग ताठ, शेपूट उंच आणि हालचाल बारीक, जलद असेल तर तिथेच थांबा.

मांजरांचं आणखी अवघड. शेल्टरमध्ये नवीन आलेला बोका पुष्कळदा पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात, शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या ट्रेमध्येच बसून राहतो. डोळे मिटलेले असतात, म्हणून सगळे म्हणतात, "किती शांत आहे!" जरा जवळून बघा. पंजे पोटाखाली आवळलेले, पाठ उंचावलेली, आणि दार वाजलं की डोळे न उघडता फक्त कान वळतो. हे झोपेचं सोंग आहे. त्याला पुठ्ठ्याचा खोका आडवा करून द्या, पिंजऱ्याची पुढची अर्धी बाजू चादरीने झाका आणि त्याच्या वासाचं पांघरूण रोज धुवायला नेऊ नका. लपायला खोका मिळालेली नवीन मांजरं लवकर स्थिरावतात, हे नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये झालेल्या अभ्यासातही दिसलं आहे. फुकटचा उपाय, आणि मी पाहिलेल्यांपैकी सर्वांत गुणकारी. मात्र बोका ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं, तर त्याच घटकेला डॉक्टरांकडे न्या. मूत्रमार्ग तुंबला असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

याच कारणाने माझा पहिला नियम असा : वागणूक अचानक बदलली की आधी दुखणं शोधायचं. "ताई, हा आजवर कुणावर गुरगुरला नाही, आता मुलांनी मिठी मारली की दात दाखवतो," असं सांगत म्हातारा लॅब्रॅडॉर घेऊन लोक येतात. अशा वेळी सांधे, कान, दात तपासून झाल्याशिवाय मी पुढचं काही सुचवत नाही.

आता पूरक उपचारांचं. उत्साही नवशिक्यांचा ओढा इकडेच जास्त असतो. संगीताला थोडाफार आधार आहे. बेलफास्टच्या डेबोरा वेल्स यांनी 2002 साली शेल्टरमधल्या कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतावर कुत्री जास्त विसावली, हेवी मेटलवर जास्त भुंकली. पुढे स्कॉटलंडमधल्या अभ्यासांत दिसलं की तेच तेच लावलं तर काही दिवसांत परिणाम ओसरतो, म्हणून संगीताचे प्रकार बदलत राहावे लागतात. घोड्यांच्या प्रशिक्षिका लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांनी रूढ केलेल्या टी-टचमध्ये बोटांनी कातडी हलकेच सव्वा वर्तुळात फिरवतात. पुरावा तुटपुंजा आहे, पण प्राण्याला स्पर्श हवासा वाटत असेल तर करायला हरकत नाही. हवासा आहे का, हे विचारता येतं : तीन-चार सेकंद छातीजवळ कुरवाळा, हात काढून घ्या आणि थांबा. तो पुढे सरकला तर होकार, तोंड वळवलं किंवा जागीच थिजला तर नकार.

सुगंधी तेलांबाबत मी कडक आहे. टी-ट्री तेल कुत्र्या-मांजरांना विषारी आहे. मांजरांच्या यकृताला अशा तेलांतले बरेच घटक पचवता येत नाहीत, आणि अंगावर पडलेलं ती चाटतातच. बंद खोलीत डिफ्यूझर लावला तर प्राण्याला उठून जायचीही सोय राहत नाही. फुलांच्या अर्कांचे थेंब भीतीवर काम करतात असा भक्कम पुरावा नाही. आणि यातलं काहीही मूळ कारण तसंच ठेवून उपयोगी पडत नाही. कुत्रं दिवसभर जिन्याखाली साखळीला बांधलेलं असेल तर आधी साखळी सोडा.

आवाजाच्या भीतीचं काम दिवाळीच्या आदल्या दिवशी होत नाही. पुण्यात तर गणपतीआधी ढोलपथकांचा सराव सुरू होतो, तिथूनच घरच्यांना कामाला लावावं. ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावायचा आणि आवाज आला की लगेच चिकनचा तुकडा. तुकडा नाकारला किंवा बोटासकट ओढला, तर आवाज अजून मोठा आहे. हे आठवडेच्या आठवडे चालतं. नुसतं गुंगीचं औषध मागणाऱ्यांना डॉक्टरांशी नीट बोलायला लावा. काही औषधांनी शरीर सुस्तावतं, पण भीती आत तशीच राहते.

कोर्सबद्दल. औषधोपचार करायचे असतील तर पशुवैद्यकाची पदवीच हवी : प्रवेशासाठी 'नीट' (NEET) परीक्षा, मग एका वर्षाच्या इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. महाराष्ट्रात नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाअंतर्गत परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथे महाविद्यालयं आहेत. वर्तन-सल्लागार किंवा प्रशिक्षक म्हणवून घ्यायला मात्र आपल्याकडे परवाना लागत नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून गुरू निवडताना एक दिवस त्यांचं काम बघू द्या म्हणावं. गळा आवळणारा पट्टा, काट्यांचा पट्टा किंवा विजेचा झटका वापरताना दिसले तर फी कितीही कमी असो, तिथे जाऊ नका.

शेल्टरमध्ये पाऊल टाकण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण करा. ती घेतलेली असली तरी चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.