विमानात कुडकुडायला होतं? आधी डोक्यावरचं नोझल बघा

एप्रिलमध्ये ओझरहून (नाशिकच्या विमानतळावरून) दिल्लीला जाताना बाहेर ऊन मी म्हणत असतं म्हणून आपण पातळ सुती शर्टात बसतो आणि अर्ध्या तासात दात वाजायला लागतात, आई तर दरवेळी पदर कानाला गुंडाळून बसते.

१. बसल्या बसल्या डोक्यावरचं गोल नोझल बघा. ते फिरवलं की हवा कमी होते, पूर्ण बंदही होतं. थोडी हवा हवीच असेल तर तोंड सरळ डोक्यावर न ठेवता बाजूला वळवा. शेजारच्याचं नोझल आपल्यावर रोखलेलं असतं बऱ्याचदा, तेही बघा, गोड बोलून वळवायला सांगा.

२. थंडी जास्त बाधत असेल तर खिडकीची सीट नको. ३५,००० फुटांवर बाहेर उणे ५० च्या आसपास असतं, त्यामुळे भिंत गार पडते आणि पाय तर आधी गारठतात. आइलची, म्हणजे मधल्या वाटेकडची सीट बरी.

३. मोजे आणि ओढणी किंवा पातळ शाल सीटखालच्या बॅगेत ठेवा, वरच्या कप्प्यात नाही, कारण बेल्टचा दिवा लागला की उठता येत नाही. स्वेटर एकच जाड नको, दोन पातळ थर बरे, उतरल्यावर दिल्लीच्या उन्हात काढता येतात.

तरी गार वाटलं तर क्रूला सांगा, त्यांना केबिनचं तापमान थोडं वाढवता येतं, लाजू नका.

फक्त एक, शाल पांघरली तर बेल्ट शालीच्या वरून लावा, नाहीतर झोप लागली की बेल्ट बघायला उठवतात.