इमर्जन्सी डिसेंट: आधी मास्क, कंट्रोलर नंतर

टाइप रेटिंगला (एका ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगला) जाताय ना, मग सिममध्ये, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, इमर्जन्सी डिसेंट येणारच: केबिनचं प्रेशर गेलं की विमान झटपट खाली आणायचं. मी एअरबस ३२० वर आहे, त्यातलंच सांगतो.

नवीन पोरांचा हात वॉर्निंग वाजली की आधी रेडिओकडे जातो. अरे, आधी मास्क! ३५ हजार फुटांवर प्रेशर गेलं की डोकं नीट चालायला अर्धा ते एक मिनिट मिळतं, आणि वाईट म्हणजे डोकं चालत नाहीये हे आपल्याला कळतच नाही, कधीकधी तर उलट मस्तच वाटतं. २००५ ला हेलिओस या सायप्रसच्या एअरलाइनचं विमान ग्रीसमध्ये पडलं ते असंच, प्रेशरचा स्विच मॅन्युअलवर राहिलेला, हॉर्न वाजला तर क्रूला वाटलं टेकऑफ कॉन्फिगचा (विमान टेकऑफसाठी नीट सेट नसल्याचा) आहे, कारण दोन्हीला आवाज एकच. १२१ जण गेले.

मास्कच्या लाल क्लिपा दाबल्या की पट्ट्या फुगतात, एका हाताने पाच सेकंदात डोक्यावर बसला पाहिजे. मग इंटरकॉम, म्हणजे दोघा पायलटांचं आपसातलं बोलणं. इथे सगळे गडबडतात, कारण दोघांचे श्वास हेडसेटमध्ये घोंघावत असतात आणि त्यातून कॅप्टनचं ऐकायचं असतं. त्यामुळे छोटं बोला, तुटक बोला.

मग अल्टिट्यूड, हेडिंग, स्पीडचे नॉब, थ्रस्ट आयडल (इंजिनाची ताकद कमीत कमी), स्पीडब्रेक (पंखांवरच्या उभ्या होणाऱ्या फळ्या) पूर्ण. विमानाला डॅमेज असेल अशी शंका आली तर स्पीड वाढवायचा नाही. उतरायचं १० हजारला किंवा तिथल्या सेफ अल्टिट्यूडला, जे जास्त असेल ते. लेहच्या रूटवर १० हजार विसराच, खाली डोंगर आहेत, तिथे एस्केप रूट, म्हणजे डोंगरांतून सुरक्षित खाली यायचा रस्ता, आधीच ब्रीफ झालेला असतो.

आता रेडिओ. मेडे तीनदा, कॉलसाइन, इमर्जन्सी डिसेंट, कुठल्या लेव्हलला, हेडिंग काय, बास. स्क्वॉक ७७००, म्हणजे कंट्रोलरच्या रडारवर इमर्जन्सी दाखवणारा कोड. परवानगी मागत बसू नका, सांगून टाका, खालचं ट्रॅफिक हलवायचं काम कंट्रोलरचं. आरटीआरला (रेडिओ लायसन्सच्या परीक्षेला) पाठ केलेलं लांबलचक सगळं पहिल्याच कॉलला ओतायची गरज नाही. तो माणसं किती, फ्युएल किती विचारेल, हात मोकळे नसतील तर बिनधास्त 'स्टँडबाय' म्हणा, तो चिडत नाही. २०१८ च्या अमेरिकेतल्या साउथवेस्ट १३८० या फ्लाइटचं रेकॉर्डिंग ऐका, इंजिन फुटलेलं, खिडकी गेलेली, तरी कॅप्टन टॅमी जो शल्ट्सचा आवाज एकदम थंड.

लेव्हल झालात की स्पीडब्रेक आत घ्यायला विसरू नका. आणि तिथे खाली फ्युएल जास्त जळतं, तेव्हा जवळच्या एअरपोर्टचं वेदर लगेच मागा.