कॅम्पसवर डिस्क गोल्फ खेळताय? या चुका टाळा

दर ऑगस्टला आमच्याकडे एमएसची नवी बॅच येते. अपार्टमेंट मिळतं, बँकेत खातं उघडतं, तांदळाची वीस पौंडांची पिशवी घरात येऊन पडते. मग पहिल्या रिकाम्या शनिवारी कुणाचा तरी मेसेज येतो, "दादा, हॉस्टेलच्या मागे ते साखळ्या लावलेले पिंजरे कसले? फुकट खेळता येतं म्हणे."

येतं. रिक्रिएशन सेंटरच्या काउंटरवर ओळखपत्र ठेवलं की डिस्कही मिळतात. नऊ होल, सगळे पार तीन (म्हणजे तीन फेकीत संपावं अशी अपेक्षा), सर्वांत लांबचं २६० फूट. अमेरिकेतल्या मिडवेस्टची ताटासारखी सपाट जमीन, मध्ये थोडी मेपलची झाडं आणि एक तळं. नवख्याला यापेक्षा सोपा कोर्स मिळणं कठीण. तरी गेली सात वर्षं मी त्याच चुका बघतोय, आणि त्यातल्या निम्म्या आधी मी स्वतः केलेल्या आहेत. दरवेळी पहिल्या टीवर, म्हणजे होलची पहिली फेक जिथून करतात त्या जागेवर, उभं राहून तेच भाषण द्यायचा कंटाळा आला, म्हणून हे लिहून ठेवतोय.

खेळ काय आहे ते दोन ओळींत: टीवरून डिस्क बास्केटच्या दिशेनं फेकायची, जिथे पडेल तिथून पुढची फेकायची, साखळ्यांना लागून पिंजऱ्यात पडली की होल संपलं. जितक्या कमी फेकीत तितकं चांगलं. एवढंच. "फ्रिस्बीच ना ती?" असं विचारू नका. दिसायला तशीच, पण लहान, जड आणि कडेला बरीच टणक. ही टणक कड पुढे एका गोष्टीत येणार आहे.

पहिल्याच दिवशी सगळ्यात "फास्ट" डिस्क विकत घेणं

ही माझी लाडकी चूक. हिच्यावर मी बोलायला लागलो की पोरं घड्याळ बघतात.

डिस्कवर बहुतेक वेळा चार आकडे छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. नवखा पहिला आकडा बघतो, तेरा दिसला की त्याचे डोळे चमकतात. तेरा म्हणजे दोनपेक्षा साडेसहा पट चांगली असा काहीसा हिशोब असतो. अरे, तो डिस्कचा गुण नाही, ती तिची मागणी आहे. एवढ्या वेगानं फेकशील तरच मी नीट उडेन, असं ती सांगते. बारा-तेरा स्पीडचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास हातातून सुटला तर सरळ जातो. आपला पहिल्या महिन्यातला हात साठ-सत्तरच्या पुढे जात नाही.

मग होतं काय, ते समजायला भोवरा आठवा. जाळी जोरात ओढली तर भोवरा ताठ उभा राहतो, गती कमी झाली की डुलायला लागतो आणि एका बाजूला कलंडतो. डिस्कचंही बरंचसं तसंच. उजव्या हातानं बॅकहँड फेकलेली डिस्क वेग संपत आला की डावीकडे कलते. हा फेड. प्रत्येक डिस्कला थोडाफार असतो. पण फास्ट ड्रायव्हरला मुळातच वेग कमी मिळाला, तर तो सुटल्या सुटल्याच कलायला लागतो आणि शंभर फुटांवर डावीकडे जमिनीत रुततो.

माझी पहिली खरेदी तीन ड्रायव्हरची होती. प्रत्येकी साधारण वीस डॉलर, १७५ ग्रॅम, आरपार दिसणारं महागाचं प्लास्टिक. टीएच्या (टीचिंग असिस्टंटच्या) पगारात साठ डॉलर म्हणजे दोन आठवड्यांचा किराणा. सहाव्या होलला डाव्या हाताला तळं आहे. पहिली डिस्क तळ्यात. दुसरी फेकताना मी शहाणपणा केला, उजवीकडे निशाणा धरला. तीही वळण घेऊन तळ्यात. तिसरीच्या वेळी राग आला होता म्हणून जोर लावला. जोर लावला की मूठ उशिरा सुटते, डिस्क उजवीकडे पळाली आणि पार्किंग लॉटमधल्या एका गाडीखाली गेली. ती तेवढी परत मिळाली. दहा मिनिटांत चाळीस डॉलर पाण्यात. शेजारच्या टीवर एक साठीच्या आजी एकच गुळगुळीत झालेला पटर (जवळच्या फेकीची संथ डिस्क) घेऊन एकट्याच खेळत होत्या. त्यांनी टाकलेली डिस्क तळ्याच्या उजव्या कडेनं तरंगत गेली आणि बास्केटपासून दहा पावलांवर अलगद बसली. माझ्याकडे बघून हसल्याही नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर उपाय. हा कुठल्या पुस्तकातला नाही, माझी सवय आहे. माझ्याबरोबर येणाऱ्याला पहिले सहा राऊंड मी फक्त पटर देतो, दोन-तीन स्पीडचा. सगळी होल त्याच डिस्कनं. टीवरूनही तोच, तळ्यावरूनही तोच. पटर खोटं बोलत नाही. हात वाकडा गेला तर तोही वाकडा जातो, पण तुम्हाला चूक दिसेल एवढा वेळ हवेत राहतो. दीड-दोनशे फूट गेला तरी आमच्या कोर्सवर पुरतं. मग पाच स्पीडची एक मिडरेंज, म्हणजे मधल्या पल्ल्याची डिस्क. ड्रायव्हरचं नाव दिवाळीनंतर काढायचं. विकत घ्यायचीच असेल तर साध्या प्लास्टिकची, दहा-बारा डॉलरवाली घ्या. हातात चांगली धरली जाते आणि तळ्यात गेली तरी जेवण गोड लागतं. वजन १५० ते १६५ ग्रॅमच्या दरम्यान पुरे. जड डिस्क लांब जाते हा गैरसमज आहे.

"पण दादा, यूट्यूबवर तो माणूस चारशे फूट फेकतो." फेकतो ना. तू आधी शंभर फूट सरळ फेक.

पळत येऊन फेकणं

ज्याला उभ्या उभ्या सरळ फेकता येत नाही, त्याला पळत येऊन तर अजिबात येत नाही. क्रिकेटवाल्यांना हे पटतच नाही, त्यांना रनअप जन्मजात हवा असतो. दोन महिने उभं राहूनच फेका.

नाक वर

डिस्क शिडी चढल्यासारखी वर जाते, हवेत थबकते आणि डावीकडे मागे येऊन पडते. बघणाऱ्याला वाटतं वारा आहे. वारा नाही, डिस्कची पुढची कड वर आहे. किटलीतून चहा ओतताना मनगट जसं अंगठ्याच्या बाजूनं खाली झुकतं, तसं ठेवून फेका. डिस्क छातीजवळून सरळ ओढायची, लॉनमोवरची दोरी ओढतात तशी. अर्धवर्तुळात फिरवायची नाही. फोरहँड मात्र आपल्या लोकांना पटकन येतो. नदीवर चपट्या दगडाच्या भाकऱ्या काढल्या असतील तर हात तोच. माझ्यापेक्षा चांगला फोरहँड मी सांगलीच्या एका पोराचा पाहिलाय, आणि त्याची डिस्क हातात घ्यायची ती दुसरीच वेळ होती.

"तो माणूस जाईल तोवर पुढे"

ही दुसरी मोठी चूक, आणि हिच्यात गंमत नाही.

बागेतल्या कोर्सवर माणसं खेळायला आलेली असतात. कॅम्पसवर माणसं वर्गाला निघालेली असतात, आणि आपण त्यांच्या वाटेत खेळत असतो. आमच्या चौथ्या होलला टीपासून दीडशे फुटांवर लायब्ररीकडे जाणारी काँक्रीटची वाट आडवी जाते. वर्ग सुटले की पंधरा मिनिटं तिथे जत्रा असते. मधल्या वेळात तुरळक माणसं, हेडफोन लावलेली, खाली बघून चालणारी.

मला खेळायला लागून दोन वर्षं झाली होती. हात बसला होता, म्हणजे मला तसं वाटत होतं. वाटेवर एक मुलगा उजवीकडून डावीकडे चालला होता. मी मनात गणित केलं: डिस्क पोचेपर्यंत हा पार डावीकडे गेलेला असेल, आपण उजवीकडे टाकतोय. टाकली. गणितात फेड धरलाच नव्हता. डिस्क वळली ती त्याच्याबरोबरच डावीकडे चालायला लागली. मी ओरडलो, आणि घाबरल्यावर तोंडातून काय आलं तर "ओ, सांभाळा!" इंडियानात. हेडफोन लावलेल्या माणसाला. डिस्क त्याच्या कोपराच्या हाडावर बसली, त्या टणक कडेनं.

तो कोपर धरून खाली बसला. मी धावत गेलो. तो ओरडेल, पोलिसांना फोन करेल, काय काय डोक्यात येऊन गेलं. त्यानं हेडफोन काढले, डिस्क उचलून माझ्या हातात दिली आणि शांतपणे विचारलं, "पहिल्यांदाच खेळतोयस का?"

दोन वर्षं झाली म्हणायची माझी हिंमत झाली नाही. हो म्हणालो.

कोपराऐवजी कानाजवळ बसली असती तर मी आज हे लिहीत नसतो. पीडीजीए, म्हणजे या खेळाची मुख्य संघटना, तिच्या नियमांतही सौजन्याच्या कलमात हेच आहे: कुणाला इजा होऊ शकेल अशी फेक करायची नाही. म्हणजे खात्री हवी, अंदाज नाही.

त्यानंतर माझे काही हट्ट ठरले. वाट आडवी असेल तर आमच्यातला एक जण आधी चालत वाटेपाशी जातो आणि हात वर केल्यावरच टीवरचा फेकतो. वर्ग सुटायच्या वेळा मला पाठ आहेत, त्या पंधरा मिनिटांत आम्ही बाकावर बसून चहा पितो. सगळ्यात उत्तम म्हणजे रविवारी सकाळी सात, तेव्हा कॅम्पसवर फक्त खारी असतात. आणि आणखी एक: पुष्कळ भली माणसं वाटेत थांबून हातानं "टाका, टाका" करतात. मी टाकत नाही. मीच त्यांना हातानं "जा" करतो. कधी कधी दोघं एकमेकांना हात करत उभे राहतो, लखनौच्या नवाबांसारखे. चालेल. आणि गेलीच डिस्क भलतीकडे, तर गोल्फवाल्यांसारखं "फोर!" म्हणून ओरडा. मराठीत नको.

पुढच्या ग्रुपनं बास्केट सोडेपर्यंत थांबणं हेही यातच आलं. आणि सहा-सात जणांचा कुंभमेळा घेऊन आला असाल तर मागून येणाऱ्या दोघांना पुढे जाऊ द्या.

पटिंगला साखळ्या फोडायला जाणं

पट म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायची फेक. तीही वीस फुटांवरून जीव खाऊन मारायची, मग बास्केटच्या पलीकडे तीस फुटांवरून परत यायचं. नवख्याच्या स्कोअरमधले निम्मे आकडे इथे वाढतात, टीवर नाही. साखळ्या आवाजासाठी लावलेल्या नाहीत. १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिकनं पहिला कायमचा कोर्स मांडला, तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावर भांडणं व्हायची, म्हणून त्यानं पुढे साखळ्यांची बास्केट काढली. ती डिस्कचा वेग मारायलाच आहे, पण तुम्ही तिला काहीतरी शिल्लक ठेवा. मी रोज संध्याकाळी लॅबमधून घरी जाताना पंधरा फुटांवरून वीस पट टाकतो. पंधराच फूट. तीस फुटांवरून सराव करणाऱ्यांची मला कीव येते. आणि बास्केटपासून दहा मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल सावरून उभं राहायचं, लगेच पुढे झेप घ्यायची नाही. मित्रामित्रांत कुणी धरत नाही, पण सवय लागली की सुटत नाही.

झाडात अडकलेली डिस्क काढायला दुसरी डिस्क फेकणं

मग तिसरी. मग बूट.

समोरून वारा आला की जास्त जोर

उलटं करा. समोरच्या वाऱ्यात डिस्कला नेहमीपेक्षा जास्त वेग मिळाल्यासारखं होतं आणि ती उजवीकडे उलटते. नाक खाली, जोर कमी, फार तर थोडी कमी वळणारी डिस्क. पाठीमागून वारा असेल तर ती लवकर खाली बसते, तेव्हा किंचित उंच टाका.

रंग

ऑक्टोबरमध्ये पिवळी किंवा केशरी डिस्क मेपलच्या पानांत टाकून बघा. म्हणजे टाकू नका. त्या महिन्यात निळी किंवा गुलाबी. बर्फात पांढरी सोडून काहीही, आणि डिस्कच्या पोटाला चिकटपट्टीनं हातभर रिबन लावायची. डिस्क बर्फात शिरते, रिबन वर राहते. थंडीत प्लास्टिक कडक होतं आणि बोटं बधिर, त्यामुळे फेक कमी गेली तर मनाला लावून घेऊ नका.

डिस्कवर नाव न घालणं

पोटाच्या बाजूला पर्मनंट मार्करनं नाव आणि फोन नंबर. दोन-तीन महिन्यांनी पुसट होतो, परत गिरवा. मी हे अगदी पहिल्या दिवशी केलं होतं, बाकी सगळं चुकलं तरी. चार वर्षांनी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला: तळ्यातला गाळ काढला, त्यात तुमची डिस्क निघाली, रिक्रिएशन सेंटरच्या काउंटरवर ठेवलीय. तेरा स्पीड, १७५ ग्रॅम. शेवाळ घासून काढलं. दुसरी अजून तळ्यातच आहे.