मंदावलेला कॉम्प्युटर रीसेट करताना

आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. काही काम चालू नसतानाही डिस्क १०० टक्के दाखवत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर रीसेटने फारसं काही साधत नाही. एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा, मग पुढचं.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दोन-चार फाइल्स तिथून उघडून बघा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स बॅकअपमधून हमखास सुटतात, ब्राउझरमधले पासवर्डही. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. ऐनवेळी मशीन तीच मागतं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, रीसेट धिस पीसी. 'कीप माय फाइल्स' फाइल्स ठेवतो, पण तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम जातातच. कोरं करायचं तर 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. मशीन दुसऱ्याला द्यायचं असेल तरच 'क्लीन डेटा' (फाइल्स परत मिळवणं अवघड करणारा पर्याय) चालू करा, त्याला काही तास लागू शकतात. विंडोज कुठून घ्यायचं विचारल्यावर क्लाउड डाउनलोड, म्हणजे इंटरनेटवरून नवी प्रत, निवडावं: साधारण ४ जीबी इंटरनेट डेटा लागतो, पण आधीच्या बिघडलेल्या सिस्टम फाइल्स परत येत नाहीत. लोकल रीइन्स्टॉल मशीनमधल्याच फाइल्स वापरतो, त्या बिघडलेल्या असतील तर मध्येच अडकू शकतो.

लॅपटॉपचा चार्जर लावलेलाच ठेवा. टक्केवारी बराच वेळ एकाच आकड्यावर थांबली तरी पॉवर बटणाला हात लावू नका. लॉगिनच्या पुढे जाताच येत नसेल तर त्याच पडद्यावर शिफ्ट दाबून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, तिथे रीसेट धिस पीसी.