काटा खाली आला, पण पोट तिथंच? मग हे वाचा

मागच्या एप्रिलमध्ये मी भाकरी, भात, साखर सगळं एकदम बंद केलं आणि आठ दिवसात साडेतीन किलो उतरलो. आई म्हणे पोरगा वाळी गया, मी खूश. मग आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरी मांडे आणि आमरस, दोन दिवस दाबून जेवलो, काट्यावर उभा राहिलो तर तीन किलो परत! आणि पॅन्टचं म्हणाल तर ती उतरलो तेव्हाही तेवढीच टाईट होती, चढलो तेव्हाही तेवढीच.

हिशोब केला तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. साडेतीन किलो चरबी जाळायची तर सत्तावीस हजार कॅलरी, म्हणजे आठ दिवस पूर्ण उपाशी राहिलो असतो तरी जमलं नसतं भो. मग गेलं काय? पाणी. आपण खातो त्या भाकरी-भातातली साखर शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साठवतं, चारशे-पाचशे ग्रॅम असेल, त्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भाकरी बंद केली की हा साठा संपतो आणि पाणीही जातं, दीड-दोन किलो इथंच गेले. वर जळगावचा 44 डिग्रीतला घाम, आणि पोटात अन्नच कमी. मांडे खाल्ले की टाकी परत फुल.

पाणी गेलं त्याचं एवढं काही नाही, ते येतं. खरा लॉस स्नायूंचा. नुसतं उपाशी राहून, नुसतं चालून वजन उतरवलं की चरबीसोबत स्नायूही जातात, मग माणूस बारीक दिसतो पण हातपाय काड्या आणि पोट तसंच.

तर आता करायचं काय. आधी मोजायची पद्धत बदला. वजन रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, आणि रोजचा आकडा बघून रडायचं नाही, सात दिवसांची सरासरी काढायची आणि ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी लावून बघायची. दुसरी वस्तू शिंप्याची टेप, वीस-तीस रुपयाची. बरगडीचं शेवटचं हाड आणि कमरेचं हाड बोटानं चाचपा, दोघांच्या मधोमध टेप आडवी लावा, श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही, टेपला काही फरक पडत नाही, फसवणूक आपलीच होते. आपल्याकडे पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि बायकांची 80 च्या आत असावी असं धरतात. ते चरबीचे टक्के दाखवणारे काटे येतात ना, त्यांच्या आकड्यावर फार जाऊ नका, पाणी कमीजास्त झालं की तोही हलतो.

जेवण. कळण्याची भाकरी सोडू नका, तिच्यात ज्वारीसोबत उडीद असतो, म्हणजे थोडं प्रोटीनही मिळतं. कापायचं तर तेल कापा. शेवभाजीवर ती लाल तर्री तरंगते ना, त्यातल्या एका मोठ्या चमच्यात 120 कॅलरी, आणि आपल्याकडे एका चमच्यावर कोण थांबतं? शेवही तळलेलीच. रोजच्या खाण्यातून चारपाचशे कॅलरी कमी झाल्या तरी पुष्कळ, आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरतं आणि तेवढंच बरं. प्रोटीन मात्र वाढवा, वजनाच्या किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला 85 ते 110. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅमच असतं, एका अंड्यात सहा, पन्नास ग्रॅम सोयाबीन वडीत पंचवीसेक, म्हणून नुसत्या वरणावर भागत नाही. शेंगदाणे प्रोटीनचे म्हणून मूठ मूठ खाणारे आमचे एक काका आहेत, त्यांना सांगून थकलो की त्यात जवळपास अर्धं तेलच असतं. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन डॉक्टरला विचारूनच.

व्यायाम. मेहरूण तलावाला चक्कर मारता ते चालू ठेवा, पण स्नायू टिकवायला वजन उचलावं लागतं. जिम नसेल तर बैठका, जोर, पाठीवर दप्तरात विटा घालून बैठका, आठवड्यात तीन दिवस. आणि दर आठवड्याला थोडं वाढवायचं, नाहीतर शरीराला सवय होते.

दुसऱ्या वेळी मी असं अडीच महिने केलं. वजन फक्त तीन किलो उतरलं, लोक म्हणाले काहीच फरक नाही, पण कंबर सात सेंटीमीटर आत आली आणि बेल्टला नवीन भोक पाडावं लागलं.

सरासरी आणि टेप दोन्ही तीन आठवडे जागेवरून हलले नाहीत तरच जेवणाला परत हात लावा, तेही आधी तेलाला. आणि थंडीत शेतावर भरीत-पुरीची पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी काट्यावर जाऊच नका, मिठानं पाणी धरलेलं असतं, किलो-दीड किलो उगाच जास्त दिसतं, दोन-तीन दिवसात ते आपोआप उतरतं.