बंगईची गादी घरीच शिवताना

बंगईची, म्हणजे घरातल्या झोपाळ्याची, गादी शिवायची म्हटली की गावात पहिला सल्ला मिळतो तो कव्हर दोन इंच ऐसपैस ठेवण्याचा, आणि तोच सर्वांत वाईट आहे. असे कव्हर आठ दिवसांत गोळा होते आणि गादीला सुरकुत्या पडतात. फोम 60 इंच लांब, 24 रुंद आणि 3 जाड असेल तर वरचा व खालचा पल्ला नेमका 60 बाय 24 कापावा, म्हणजे चारही बाजूंनी अर्धा इंच माया (शिलाईच्या आत जाणारी कड) गेल्यावर तयार कव्हर 59 बाय 23 होते व फोम त्यात ताठ बसतो. रेक्झिन घेऊ नये, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात ते अंगाला चिकटते. जाड सुती कापड घ्यावे, मात्र कापण्याआधी भिजवून वाळवावे. दोरा पॉलिस्टरचा आणि सुई 16 नंबरची असावी.

बाजूची पट्टी 4 इंच रुंद कापावी. मागे झिप लावावी आणि ती दोन्ही कोपऱ्यांना 4-4 इंच ओलांडून पुढे न्यावी, म्हणजे फोम घालणे सोपे जाते. नंतर पट्टीची टोके जोडून 164 इंचांचे कडे करावे.

आता कोपरे. माझ्या पहिल्या दोन गाद्या इथेच बिघडल्या. पट्टी वरच्या पल्ल्याला नीट जोडली, खालचा पल्ला मात्र अंदाजाने लावला, आणि उलटून पाहिले तर खालचे कोपरे दीड इंच सरकून अख्खी गादी पिळवटलेली होती. याचे कारण असे की खालचे कापड मशीनचे दाते पुढे ओढतात आणि वरचे मागे राहते, त्यामुळे लांब शिलाईत हा फरक साठत जातो. म्हणून शिवण्यापूर्वीच कड्यावर 59, 23, 59, 23 इंचांवर कोपऱ्यांच्या खुणा कराव्यात आणि प्रत्येक खूण गुण्या (काटकोन मापायची पट्टी) लावून पट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ ओढावी. या खुणांवर दोन्ही कडांना अर्ध्या इंचाहून किंचित कमी काप द्यावा, आधी चारही कोपरे टाचणीने पक्के करावेत आणि मगच मधल्या भागात दर चार इंचांवर टाचण्या लावाव्यात. पट्टी वर ठेवून शिवावे. कोपरा अर्ध्या इंचावर आला की शेवटचे दोन-तीन टाके हाताने चाक फिरवून घालावेत, सुई कापडातच रुतलेली ठेवून मशीनचा फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचलावा, काप उघडून पट्टी वळवावी आणि मग पुढे जावे. कापाशिवाय कोपरा वळवला तर तिथे चुणी पडते, आणि ती इस्त्रीने कधीच जात नाही.

दुसरा पल्ला जोडण्याआधी झिप अर्धी उघडी ठेवावी, नाहीतर कव्हर सुलटे करता येणार नाही. बंगई हलली की गादी पुढे सरकते, म्हणून खालच्या शिलाईतच मागच्या दोन कोपऱ्यांना नाड्या अडकवाव्यात. फोम पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत सरकवावा, कोपरे हाताने बसवावेत आणि प्लास्टिक ओढून काढून झिप लावावी.