उबुंटूवर एन्जिनएक्स बसवताना आणि चालवताना

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर बसवणे हे दोन कमांडचे काम आहे. 'सुडो ॲप्ट अपडेट' देऊन पॅकेजांची यादी ताजी करावी आणि मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एन्जिनएक्स' द्यावी. बसवून होताच सर्व्हर आपोआप सुरू होतो आणि मशीन रीबूट केल्यावरही पुन्हा उभा राहतो. 'सिस्टमसीटीएल स्टेटस एन्जिनएक्स' दिल्यावर 'ॲक्टिव्ह' दिसले नाही, तर बहुधा आधीपासून चालू असलेल्या अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरने ८० क्रमांकाचा पोर्ट अडवलेला असतो. तो नेमका कोणाकडे आहे हे 'सुडो एसएस -टीएलएनपी' सांगते.

यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू करायची असेल, तर आधी ओपनएसएसएचला (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याच्या सोयीला) परवानगी द्यावी, मग ८० आणि ४४३ हे पोर्ट उघडावेत आणि त्यानंतरच ती चालू करावी. हा क्रम चुकवून मी एकदा स्वतःलाच दाराबाहेर कोंडून घेतले होते आणि होस्टिंगच्या वेब कन्सोलमधून आत शिरावे लागले होते.

आपल्या साइटची कॉन्फिग फाइल 'साइट्स-अव्हेलेबल' या फोल्डरमध्ये लिहावी आणि तिची सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) 'साइट्स-एनेबल्ड'मध्ये द्यावी. साइट तात्पुरती बंद करायची झाल्यास फक्त लिंक काढावी. मूळ फाइल जागेवरच राहते. फाइलमध्ये पोर्ट, डोमेनचे नाव आणि पानांचा फोल्डर एवढे असले, तरी साधी साइट चालते, पण प्रत्येक सूचनेच्या शेवटी अर्धविराम हवाच. पानांचा फोल्डर सांगणाऱ्या 'रूट'च्या ओळीवरचा अर्धविराम राहिला, तर एन्जिनएक्स पुढची ओळही त्याच सूचनेचा भाग समजतो आणि चूक दाखवतानाही त्या पुढच्याच ओळीचा क्रमांक देतो. म्हणून दाखवलेली ओळ निर्दोष वाटली, की तिच्या वरची ओळ तपासावी.

कॉन्फिग बदलल्यावर प्रत्येक वेळी आधी 'सुडो एन्जिनएक्स -टी' चालवावे आणि 'टेस्ट इज सक्सेसफुल' हे शब्द पाहूनच 'सिस्टमसीटीएल रीलोड' द्यावे. सवयीने 'रीस्टार्ट' देणारे बरेच जण असतात आणि माझ्या मते ही सवय मोडायला हवी. रीलोडमध्ये मुख्य प्रोसेस नवे कॉन्फिग तपासते, ते योग्य असेल तर नवे वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) उभे करते आणि जुन्या वर्करना हातातली कामे संपवू देते. कॉन्फिग चुकीचे असेल तर जुनेच चालू राहते. रीस्टार्टमध्ये मात्र चालू सर्व्हर आधी थांबतो, आणि फाइलमध्ये एक अर्धविराम जरी राहिला असला तरी तो पुन्हा उठत नाही.

एचटीटीपीएससाठी सर्टबॉट या साधनाने लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचे मोफत प्रमाणपत्र मिळते, मात्र त्याआधी डोमेन आपल्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याकडे वळवलेले असावे.

सगळे नीट असूनही ४०३ (प्रवेश नाकारल्याचा संदेश) दिसत असेल, तर व्हार-लॉग-एन्जिनएक्स या फोल्डरमधील एरर लॉग उघडावा. तिथे 'परमिशन डिनाइड' असेल, तर पाने बहुधा आपल्या होम फोल्डरमध्ये ठेवलेली असतात. वर्कर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या युजरच्या नावाने चालतात आणि उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या होम फोल्डरमध्ये इतरांना प्रवेश नसतो, त्यामुळे नुसत्या फाइलची परवानगी वाढवून भागत नाही. 'नेमआय -एल' पुढे फाइलचा पूर्ण पाथ दिला, की वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी ओळीने दिसते. अशा वेळी ७७७, म्हणजे सर्वांना सगळे अधिकार, देऊन मोकळे होऊ नये. पाने सरळ व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूमध्ये हलवावीत आणि कॉन्फिगमधील 'रूट' बदलून रीलोड करावे.